एकत्र असणं आणि जोडलेलं असणं

आमच्या सौंसर भागात सितापार नावाचं एक गाव आहे. मँगनीजमुळे या गावाचं नाव कधीकाळी सातासमुद्रापलीकडच्या पुस्तकांत पोचलं होतं, हे आज तिथल्या पोरासोरांना ठाऊक असेल असं वाटत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात लुईस ली फर्मोर नावाचे एक ब्रिटिश अधिकारी होते. मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या खाणी त्यांनी पायाखाली घातल्या आणि 1909 साली त्यांवरचा आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. सितापारला त्यांना एक काळपट, धातूसारखी चकाकी असलेलं खनिज सापडलं. माहीत असलेल्या कुठल्याच खनिजाशी ते जुळेना. त्यात मँगनीज होतं आणि लोखंडही होतं. फर्मोरसाहेबांनी त्याला गावाचंच नाव दिलं, सितापाराइट.

हे नाव फार टिकलं नाही. 1942 साली ब्रायन मेसन या खनिजशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की, सितापाराइट आणि अमेरिकेतल्या युटामध्ये सापडलेलं बिक्सबाइट ही दोन खनिजं नव्हेतच, एकच आहे. बिक्सबाइट हे नाव 1897 सालचं, म्हणजे आधीचं. ज्याचं नाव आधी पडलं ते टिकतं, असा त्या शास्त्राचा रिवाज. सितापार पुस्तकातून गेलं.

रसायनशास्त्राचा विद्यार्थी असताना मी हे प्रथम वाचलं तेव्हा आपल्या मुलखाचं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटलं होतं. पुढं रसायन शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि त्या नावाचं दुःख मागं पडून एक वेगळाच प्रश्न मनात घर करून बसला. एका दगडात दोन धातू आहेत. मग ती एक वस्तू की दोन? दोन गोष्टी एकत्र आहेत असं आपण म्हणतो आणि दोन गोष्टी जोडलेल्या आहेत असंही म्हणतो. या दोन वाक्यांत अंतर किती? आणि जोड नसताना जोड आहे असं सांगणाऱ्यानं नेमकं कोणाचं काय बिघडवलेलं असतं? शेवटचा प्रश्न मी पुस्तकातून घेतलेला नाही. तो माझ्या स्वतःच्या वागण्यातून आलेला आहे, आणि त्याच्यापाशी मी येणारच आहे.

दोन धातू एकत्र राहण्याच्या तीन तऱ्हा असतात. पहिली सगळ्यांच्या ओळखीची. खिचडीसाठी तांदूळ आणि मुगाची डाळ एका ताटात घ्यावी, तशी दोन पदार्थांची भुकटी एकमेकांत कालवली की मिश्रण होतं. दाणे कितीही बारीक केले तरी तांदूळ तो तांदूळ आणि डाळ ती डाळ. निवडायला धीर असेल तर दोन्ही पुन्हा वेगळे करता येतात.

दुसरी तऱ्हा सितापारच्या दगडातली. स्फटिकाच्या आत अणूंच्या बसण्याच्या जागा ठरलेल्या असतात. बिक्सबाइटमधल्या अणूंची ही मांडणी लायनस पॉलिंग आणि शॅपेल यांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं 1930 साली उलगडून दाखवली. या खनिजात एकाच प्रकारच्या जागांवर कुठं मँगनीज बसतं, कुठं लोखंड. दोघांचे आकार जवळजवळ सारखे, विद्युतभार सारखा. त्यामुळे अमक्या जागी अमक्यानंच बसावं असा आग्रह नाही. मँगनीज जास्त मिळालं तर ते जास्त बसेल, लोखंड मिळालं तर लोखंड. याला घनद्रावण म्हणतात. इथं दोघं हातानं निवडून वेगळे काढता येत नाहीत हे खरं. पण अशा एकजीव होण्याची अट अशी, की दोघांत फारसा फरक नसावा.

तिसरी तऱ्हा माणसानं प्रयोगशाळेत हेतुपूर्वक घडवलेली, आणि निसर्गानं माणसाच्या कितीतरी आधी साधलेली. हिच्यात दोन निरनिराळे धातू एकाच रेणूत असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. तांब्याच्या जागी तांबंच, मँगनीजच्या जागी मँगनीजच. त्यांच्यामध्ये एक दुवा असतो. हा दुवा म्हणजे असा रेणू किंवा अणू, की जो एका हातानं याला आणि दुसऱ्या हातानं त्याला धरून ठेवतो. रसायनात अशा धरणाऱ्याला लिगंड म्हणतात आणि अशा संयुगांना समन्वय-संयुगं. ‘समन्वय’ हा शब्द ज्या कोणी योजला त्याला मी मनोमन नमस्कार करतो. सरमिसळ किंवा विलय म्हणून त्याला भागवता आलं असतं, पण त्यानं समन्वय म्हटलं.

या शास्त्राचा पाया आल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 साली घातला. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. कोबाल्ट आणि अमोनियाची रंगीबेरंगी संयुगं तेव्हा साऱ्यांनाच कोड्यात टाकीत होती. मधोमध धातू आणि त्याच्याभोवती ठराविक दिशांना ठराविक सोबती, अशी कल्पना वेर्नर यांनी मांडली. तिला सर्वांत चिवट विरोध केला तो कोपनहेगनच्या योर्गेनसेन यांनी. गंमत अशी, की वेर्नर ज्या संयुगांच्या आधारावर बोलत होते त्यांतली पुष्कळशी योर्गेनसेन यांनीच वर्षानुवर्षं खपून, अतिशय काटेकोरपणे तयार केलेली होती. वेर्नर यांचं म्हणणं खरं असेल तर एक विशिष्ट जांभळं संयुग अस्तित्वात असायला हवं होतं, आणि ते कोणाला मिळत नव्हतं. 1907 साली वेर्नर यांनी ते मिळवलं. ते पाहिल्यावर योर्गेनसेन यांनी आपला विरोध मागं घेतला. वेर्नर यांना 1913 साली नोबेल पारितोषिक मिळालं आणि त्यांचं नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेलं. पण वर्गात शिकवताना मी योर्गेनसेन यांच्यासाठी पाच मिनिटं जास्त ठेवीत असे. वर्षानुवर्षांची बाजू एका कुपीतल्या जांभळ्या पुडीपुढं खाली ठेवणं, हे मला काही लहान काम वाटत नाही. का वाटत नाही, ते आता सांगतो.

1987 साली मी एका विद्यापीठात संशोधन करीत होतो. विषय हाच, एका रेणूत दोन धातू आणण्याचा. रीत अशी, की आधी तांब्याचं एक संयुग करायचं. ते अशा बेतानं, की तांब्याला धरून बसलेल्या ऑक्सिजनच्या अणूंपाशी अजून थोडं देणं शिल्लक राहील. मग त्याच्याजवळ मँगनीजचा क्षार आणायचा. तांब्याच्या संयुगानं स्वतःच लिगंड व्हायचं आणि मँगनीजला धरायचं. कागदावर हे चित्र सुरेख दिसे. डावीकडे तांबं, उजवीकडे मँगनीज आणि मध्ये ऑक्सिजनचे दोन पूल. मला त्याचं विशेष अप्रूप होतं. मँगनीज म्हणजे आमच्या सौंसर-बालाघाटचं आणि तांबं म्हणजे बालाघाट जिल्ह्यातल्याच मलाजखंडचं. वाटे, आपल्याच मुलखातले दोन शेजारी आपण एका घरात नांदवतो आहोत.

भुकटी तयार झाली. पृथक्करण केलं. तांबं आणि मँगनीज एकास एक, जसं हवं तसं. मग चुंबकत्व मोजलं. आमच्याकडे साधा गॉय बॅलन्स होता. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये नळी टांगून वजनातला फरक पाहायचा, तोही खोलीच्या तापमानाला. तांब्याच्या अणूवर एक एकटा इलेक्ट्रॉन असतो, मँगनीजवर पाच. हिशेबानं दोघांचा मिळून आकडा 6.16 यायला हवा. माझा 6.1 च्या आसपास आला. मार्गदर्शक सर खूश झाले. “अहो, प्रमाण जुळलं, मोमेंट जुळला, आणखी काय पाहिजे? लिहून टाका.” मी लिहून टाकलं. एका पत्रिकेनं लेख स्वीकारला.

लेख छापून येण्याआधीची गोष्ट. एका रात्री ती भुकटी सांडलेलं एक भांडं मी क्लोरोफॉर्मनं धूत होतो. क्लोरोफॉर्म रंगून खाली उतरलं आणि भांड्याच्या तळाशी उरलेला गाळ फिका दिसू लागला. मी तिथंच थबकलो. कुपीतली नवी भुकटी काढली, गाळणीत घेतली, पुन्हा क्लोरोफॉर्मनं धुतली. जे खाली उतरलं त्याची परीक्षा केली तर तांबं सापडलं. मँगनीजचा जो पर्मँगनेटसारखा जांभळा रंग यायला हवा तो काही केल्या आला नाही. वर उरलेल्या गाळाला तो रंग लगेच आला. म्हणजे माझ्या एकसंध संयुगातून तांब्यानं एकट्यानं काढता पाय घेतला होता. दोघांच्यात पूल नव्हताच. तांदूळ आणि डाळ एकास एक मोजून घेतली होती, एवढंच.

आता पाहा, माझ्या लेखातला एकही आकडा खोटा नव्हता. प्रमाण खरं होतं, वजन खरं होतं, चुंबकत्वाचा आकडा खरा होता. खोटी होती ती फक्त एक रेघ. तांब्यापासून ऑक्सिजनमार्गे मँगनीजपर्यंत मी कागदावर काढलेली. त्या रेघेसाठी माझ्यापाशी कुठलाच पुरावा नव्हता. 6.16 हा आकडा दोघं जोडलेले असोत की शेजारी नुसते पडलेले असोत, खोलीच्या तापमानाला साधारण तेवढाच आला असता. बेरीज बरोबर आली म्हणून मी नातं गृहीत धरलं होतं.

मी काय केलं? प्रबंधातून ते संयुग हळूच वगळलं. छापून येणाऱ्या लेखाबद्दल गप्प बसलो. सरांना सांगितलं नाही. म्हणून दोष त्यांच्याकडे जात नाही, तो माझ्याकडेच राहतो. मनाची समजूत अशी घातली की, या लेखानं कोणाचं काय वाईट होणार आहे? त्यातून औषध बनायचं नाही की पूल बांधला जायचा नाही. ग्रंथालयाच्या फळीवर आणखी एक अंक, बस.

वर्षभरानं दूरच्या एका गावातून एका संशोधक विद्यार्थ्याचं पत्र आलं. अक्षर नेटकं, भाषा नम्र. आपल्या पद्धतीनं संयुग करून पाहतो आहे, पण जमत नाही, कुठं चुकतं ते कृपया सांगावं. मी उलट टपाली दोन ओळींत उत्तर दिलं, “विद्रावक नीट कोरडा करून घ्या.” आजवर लिहिलेल्या वाक्यांपैकी मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याची. आठ महिन्यांनी दुसरं पत्र आलं. विद्रावक कोरडा करून चौदा वेळा प्रयोग केला होता. माझ्या हाताला गुण नाही असं दिसतं, असं त्यानं लिहिलं होतं. त्या रात्री मी बसून दोन पत्रं लिहिली, एक त्याला आणि एक पत्रिकेला. पत्रिकेनं चार ओळींची दुरुस्ती छापली. मला कोणी शिक्षा केली नाही, नोकरीत काही अडलं नाही. त्या मुलानं विषय बदलला. त्याचं एक वर्ष गेलं. ते मला परत देता आलं नाही.

तेव्हापासून मला असं वाटत आलं आहे की ‘या दोन गोष्टी जोडलेल्या आहेत’ हे विधान इतर विधानांपेक्षा वजनदार आहे. ‘इथं तांबं आहे’ असं चुकून म्हटलं तर चूक तेवढ्यापुरती राहते. पण ‘इथं जोड आहे’ असं म्हटलं की दुसरा माणूस त्या जोडावर भार टाकतो. पुलाचं चित्र काढणाऱ्याचं काही जात नाही. जातं ते त्यावर पाऊल ठेवणाऱ्याचं.

मग खऱ्या जोडाची परीक्षा कोणती? ज्या काळात मी ती भुकटी करीत होतो त्याच काळात फ्रान्समध्ये ओलिव्हिए कान आणि त्यांचे सहकारी याच दोन धातूंना, तांब्याला आणि मँगनीजला, साखळीत ओवीत होते. त्यांची परीक्षा मला फार शिकवून गेली. पदार्थ थंड करीत न्यायचा आणि चुंबकत्व मोजत राहायचं. नुसतं मिश्रण असेल तर प्रत्येक धातू आपापल्या परीनं वागतो आणि आपल्याला बेरजेशिवाय काही दिसत नाही. पण मध्ये पूल असेल तर एका धातूच्या इलेक्ट्रॉनची खबर दुसऱ्याला लागते. तांबं आणि मँगनीज यांची जोडी असेल तर थंडीत त्यांचे चुंबक एकमेकांच्या उलट दिशेला वळतात. आकडा 6.16 वरून उतरत 4.90 पर्यंत येतो. पाचातून एक वजा होऊन चार उरतात. हा 4.90 तांब्याचा नाही, मँगनीजचा नाही आणि दोघांच्या बेरजेचाही नाही. तो त्यांच्या नात्याचा आकडा आहे.

साखळीत तर आणखी नवल घडतं. तांबं एकीकडे, मँगनीज दुसरीकडे, पुन्हा तांबं, पुन्हा मँगनीज. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या उलट उभा. सगळं शून्य व्हायला हवं. पण दोघं असमान असल्यामुळे शून्य होत नाही, मँगनीजचं पारडं थोडं जड राहतं. कान यांच्या एका संयुगात अशा साखळ्या 4.6 केल्विनला, म्हणजे शून्याखाली 268 अंशांहून अधिक थंडीत, एकत्र येऊन सबंध पदार्थच चुंबक झाला. पुढं 1995 साली फ्रान्समध्येच वेर्दागे यांच्या गटानं व्हॅनेडियम आणि क्रोमियम यांना सायनाइडच्या पुलांनी जोडून असा चुंबक बनवला, की जो 42 अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहतो. आमच्या पांढुर्ण्याच्या मे महिन्यात मात्र त्याचीही दुपारी पंचाईत व्हायची. विनोद सोडला तरी मुद्दा उरतोच. एकमेकांच्या विरुद्ध उभे असलेले दोघं जोडलेले असू शकतात. एकमेकांसारखे नसणं हेच तिथं उपयोगी पडतं. आणि जोड आहे की नाही हे सुखाच्या तापमानाला कळत नाही; ते थंडी वाढली की कळतं.

इथं वाचकांच्या मनात काय आलं असेल ते मी ओळखतो. सीमेवरच्या जिल्ह्यातल्या दिवाळी अंकात दोन धातूंची गोष्ट सांगणारा माणूस शेवटी दोन भाषांवर येणार, हे उघडच आहे. येतो, पण जरा सांभाळून. रेणूला इच्छा नसते, लाज नसते, आठवण नसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचा झेंडा रोवून पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, तेव्हा ‘विरुद्ध तरी जोडलेले’ हे वाक्य जिभेवर येतं. मी ते गिळतो. गोटमारीत माणसं जखमी होतात, जीवही गेलेले आहेत. इलेक्ट्रॉनच्या फिरकीवरून त्या रक्ताला शोभा आणणं म्हणजे पुन्हा एकदा पुराव्याशिवाय रेघ काढणं होईल. मला रसायनातून उपमा घ्यायची नाही. घ्यायची आहे ती फक्त परीक्षेची रीत.

1956 च्या 1 नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचा छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला. इतकी वर्षं आमच्याकडच्या प्रत्येक व्यासपीठावर एक वाक्य ठरलेलं आहे. इथं मराठी आणि हिंदी दुधात साखरेसारख्या मिसळल्या आहेत. संजाणच्या पारशांची ती जुनी गोष्ट सुंदर आहे यात शंका नाही. पण दुधात साखर घातल्यावर साखर दिसायची बंद होते, आणि गोडी किती आहे ते दुधाच्या मालकानं सांगायचं असतं. आपल्याला हे हवं आहे का? की सितापारच्या दगडासारखं, कोणीही कुठंही बसा, फरकच उरला नाही, असं? आणि जनगणनेतलं इतके टक्के मराठी, इतके टक्के हिंदी हे तर माझं जुनं एकास एक प्रमाणच झालं. आकडा खरा असेल. त्यावरून नातं सिद्ध होत नाही.

परीक्षा घ्यायची तर अशी घ्यावी, की बेरजेत सापडत नाही असं इथं काही आहे का? माझ्या घरापुरतं सांगतो. सून होशंगाबादकडची. ती मला बाबूजी म्हणते, मी तिला सूनबाई. पहिली दोन वर्षं घर छान चाललं होतं. ती तिची भाषा बोलायची, आम्ही आमची. कोणाचं कोणावाचून अडत नव्हतं. सगळे म्हणत, किती छान जुळलं. मला मात्र ती भुकटी आठवे. मग नातवाच्या शाळेचा प्रश्न आला आणि घरात थंडी पडली. शाळा हिंदी माध्यमाची, यावर वाद नव्हता. दुसरा पर्यायही नव्हता. पण मराठी लिहायला-वाचायला शिकवायचं की नाही, यावर महिनाभर अबोला झाला. मुलावर आधीच ओझं आहे असं सूनबाईचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. आजीला पत्र लिहिता येणार नाही असं आमचं म्हणणं, तेही खोटं नव्हतं.

तोड सूनबाईनंच काढली. एका संध्याकाळी ती पाटी घेऊन माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, “बाबूजी, पहले मुझे सिखाइए. मैं सीखूँगी तो वो भी सीखेगा.” लिपी एकच असल्यामुळे अक्षरं अडली नाहीत; ‘ळ’ मात्र आठ दिवस अडला. त्या बदल्यात मला तिच्याकडून तिच्या आजीच्या कथा ऐकाव्या लागल्या, आणि खरं सांगतो, तोवर सूनबाईला आजी होती हे मी कधी विचारलंही नव्हतं. आज नातू “आबा, चला ना, खाना लग गया” असं एका दमात म्हणतो तेव्हा मी त्याला सुधारत नाही. ते वाक्य नागपूरचं नाही, भोपाळचंही नाही.

लिगंडबद्दल एक गोष्ट मी मुद्दाम मागं ठेवली होती. लिगंड धातूला धरतो तो कसा? स्वतःजवळची इलेक्ट्रॉनची जोडी देऊन. पूल होणाऱ्याला दोन्हीकडे द्यायला काहीतरी लागतं. नुसतं मधोमध उभं राहिल्यानं पूल होत नाही. दोन्ही भाषा येतात म्हणून आपण सीमेवरचे लोक स्वतःला पूल समजतो. पण दोन्हीकडून घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत, मीही होतो. दोन्हीकडे देणारं माझ्या घरात पहिलं माणूस निघालं ते सूनबाई.

गेल्या पावसाळ्यानंतर शेजारच्या वाडीतले एक संत्रा बागायतदार पान घेऊन आले. “सरजी, पाणी देतो, खत देतो, तरी पानं पिवळे काऊन पडून राह्यले?” शिरा हिरव्या, शिरांच्या मधली जागा फिकट. मी म्हटलं, “जस्त असंल नाही तर मँगनीज. अंदाजानं फवारू नका, नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत पान तपासून आणा.” ते हसले, “मँगनीज? इथं तर जमिनीत खाणी हायेत जी!” खाणी आहेत हे खरं. पण जमिनीत असणं वेगळं आणि पानाच्या कामी येणं वेगळं.

ते गेल्यावर मी ते पान बराच वेळ हातात धरून बसलो. प्रत्येक हिरव्या पानात पाण्याचे तुकडे करून प्राणवायू सोडणारा एक अतिसूक्ष्म पुंजका असतो. 2011 साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याची रचना अगदी जवळून दाखवली. चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि त्यांना जोडणारे पाच ऑक्सिजन; आकार मोडक्या खुर्चीसारखा. पाच धातूंतला चार जणांहून वेगळा तो एक कॅल्शियम काढून घेतला की काम थांबतं. त्याच्या जागी त्याचा भाऊबंद स्ट्रॉन्शियम बसवला तर काम चालतं, पण रेंगाळत. आपण जो श्वास घेतो तो अशा मिश्रधातूंच्या पुंजक्यातून आलेला आहे. तिथं मँगनीजनं कॅल्शियम व्हावं अशी कोणाची मागणी नाही, आणि चार विरुद्ध एक अशी मतमोजणीही नाही.

ही शेवटची दोन वाक्यं लिहिली आणि माझा मलाच संशय आला. मी पुन्हा रेघ काढतो आहे का? कदाचित. म्हणून पुंजक्याचं उदाहरण तिथंच ठेवतो. सांगायचं आहे ते एवढंच की, आपण एक आहोत असं कोणी व्यासपीठावरून म्हणालं तर टाळ्या वाजवण्याआधी विचारावं, धुऊन पाहिलंत का? थंडीत ठेवून पाहिलंत का? आणि तेच आपण स्वतः म्हणणार असलो तर त्या वाक्यावर विसंबून कोणीतरी, कुठल्यातरी दूरच्या गावात, चौदा वेळा प्रयत्न करणार आहे हे लक्षात ठेवावं.

बागायतदारांचा तपासणीचा अहवाल परवा आला. कमतरता मँगनीजचीच निघाली.